राख नव्हती, दगडच होता

मी चौथी शिकलेला माणूस. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एक काकू मागे लागल्या, "आबा, तुमच्या आजारपणाचं लिहा, भारतातून येणाऱ्या आईवडिलांना उपयोग होईल." मी आधी नाही म्हणालो. नाही म्हणणं ही माझी जुनी सवय आहे, आणि या आजारपणातला निम्मा भाग त्या सवयीचाच आहे. दोन दिवसांनी मीच वही मागून घेतली. शुद्धलेखन मुलीनं बघितलंय. बाकीचं माझं आहे.

घरात आम्ही चौघं. मुलगी सुजाता अलास्कातल्या या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनिअर आहे. जावई मिलिंद कॉम्प्युटरचं काम करतो. नात ईरा अकरा वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. चौथा मी, वय चौऱ्याहत्तर. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तिचा पाणी प्यायचा पितळी तांब्या मी धोतरात गुंडाळून बॅगेतून आणला होता. सुजाता म्हणाली, "आबा, इथे ग्लास मिळतात." मी म्हटलं, "मिळू देत."

त्या दिवशी

इथून समुद्राच्या पलीकडे बर्फाचे डोंगर दिसतात. त्यातला एक ज्वालामुखी आहे हे मला ठाऊक होतं, पण डोंगर गप्प असेल तर कोण त्याच्याकडे लक्ष देतो? उन्हाळ्याचे दिवस होते, सकाळी उठलो तर बाहेर संध्याकाळसारखा उजेड. सगळ्यांचे फोन एकदम केकाटले. मिलिंद म्हणाला, "आबा, डोंगर फुटलाय. राख पडणार. आज कुणी बाहेर जायचं नाही, खिडकी उघडायची नाही."

"राखेला काय भ्यायचं?" मी म्हणालो.

"भ्यायचं नाही, फक्त आत बसायचं."

सुजाताला मात्र जावंच लागलं. शहराच्या पाण्यात राख जाऊ नये म्हणून त्यांचं सगळं खातं कामाला लागलं होतं. जाताना तोंडावर जाड मास्क, डोळ्यांवर चष्मा. मला बजावून गेली, "आबा, प्रॉमिस करा." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे प्रॉमिस नाही, असा माझा हिशेब.

दुपारपर्यंत अंगण करडं झालं. माझ्या मेथीचे वाफे, मिलिंदची गाडी, शेजाऱ्याचं छप्पर, सगळ्यावर बोटभर थर. दुसऱ्या दिवशी पडायचं थांबलं. सुजाता कामावर, मिलिंद वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. मी खिडकीतून बघत होतो आणि मला ते बघवत नव्हतं. एवढी बारीक, स्वच्छ राख अशी वाया चाललेली!

माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. आम्ही राखेनं भांडी घासली, राखुंडीनं दात घासले. वांग्यावर माव्याची कीड पडली की राख भुरभुरली, बियाणं राखेत ठेवलं. आमच्याकडे राख ही कामाची वस्तू. मी गॅरेजमधली केरसुणी काढली, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि अंगणात उतरलो. डोक्याला गुंडाळला, नाकाला नाही.

ईरा काचेवर थापा मारत होती. "आबा! मास्क! आबा, गेट इनसाइड!"

मी तिला हात हलवून दाखवला.

अंगण झाडलं, पायऱ्या झाडल्या, गाडी झाडली. सगळं कोरडं, एक थेंब पाणी न मारता. धूर उठावा तशी राख उठत होती. दोन बादल्या भरून ठेवल्या, एक मेथीला, एक भांड्यांना. तीन दिवस रोज थोडं थोडं झाडलं. मिलिंदनं विचारलं तर म्हटलं, पाणी मारून, मास्क लावून झाडलंय. घर एवढं लख्ख केलं की समोरची म्हातारी तिच्या खिडकीतून अंगठा दाखवून गेली. माझी छाती फुगली. ती पुढे कशानं फुगली ते सांगतोच.

तांब्या

तिसऱ्या दिवशी ती राख घेऊन मी बायकोचा तांब्या घासायला बसलो. पहिला हात फिरवला आणि आवाज आला, कर्र.

हा आवाज मी ओळखतो. जात्याच्या दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावली की पहिलं पीठ माणसानं खायचं नसतं, जनावरांना घालायचं असतं, कारण त्यात दगडाची कच असते. ती कच दाताखाली आली की असा आवाज येतो. माझ्या हाताला तेव्हाच कळलं होतं. डोक्यानं ऐकलं नाही. मी आणखी जोरात घासलं. पाण्यानं धुतल्यावर बघतो तर तांब्यावर ओरखडेच ओरखडे. मांजरानं नखं मारावीत तसे.

त्याच राखेच्या चिमटीनं मी सकाळी दातही घासले होते. हिरड्या दोन दिवस सोललेल्या होत्या. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही, इथे पहिल्यांदाच लिहितोय. सुजाता, शुद्धलेखन बघताना रागावू नकोस.

खोकला लपवणं

चौथ्या दिवशी डोळे लाल झाले, वाळू गेल्यासारखे टोचायला लागले. मग खोकला. मी बाथरूममध्ये नळ सोडून खोकायचो. सुजातानं व्हॅक्यूम लावला की मोकळेपणानं खोकून घ्यायचो. जेवताना भाकरीचे तुकडे बारीक करायचो, कारण चावताना धाप लागत होती. सुजाता म्हणायची, "आबा, जेवत का नाही?" मी म्हणायचो, "तुझी भाकरी जाड झालीय." बिचारी पातळ करत राहिली.

ईरानंच पकडलं. मी सोफ्यावर बसलो होतो, ती समोर येऊन माझ्या छातीकडे टक लावून बघत राहिली.

"काय बघतेस?"

"आबा, यू आर नॉट ब्रीदिंग राइट." मग जिन्याकडे तोंड करून ओरडली, "मॉम! आबा इज लाइंग!"

जिन्याच्या चार पायऱ्या चढायला सांगितल्या मला सुजातानं. दोन चढलो आणि कठडा धरून उभा राहिलो. ओठ निळे पडले होते म्हणे. मी म्हणत होतो, "चहा घेतो, बरं वाटेल." मिलिंदनं एक शब्द न बोलता मला गाडीत घातलं. हा जावई माझा, कमी बोलतो ते बरं आहे.

आजार सांगितला तो दिवस

इमर्जन्सीत नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, छातीचा फोटो काढला, मग मशीनच्या बोगद्यात घालून आणखी फोटो काढले. राखेनं श्वासनळ्या सुजल्या, एवढंच निघेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण फोटो बघून डॉक्टरबाई गंभीर झाल्या. छातीत ठिपके होते. दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, पुष्कळ.

भारतातून आलेला म्हातारा, खोकला, छातीत ठिपके. त्यांना टीबीची शंका आली, आणि त्यांची काही चूक नाही. मला वेगळ्या खोलीत ठेवलं. हवा बाहेर ओढणारा पंखा सतत घरघरत असायचा. येणारा प्रत्येक जण मास्क लावून. ईराला आत यायची बंदी. ती खाली पार्किंगमध्ये उभी राहून हात हलवायची, मी चौथ्या मजल्यावरून तांब्या हलवायचो. तांब्या मी दवाखान्यातही नेला होता, ओरखड्यांसकट.

घरच्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितली. ईराच्या हातालाही सुई टोचली. सुजाता दिवसा राखेच्या पाण्यापाशी, संध्याकाळी माझ्यापाशी. मास्कवरून तिचे डोळे तेवढे दिसायचे आणि त्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एकदा मिलिंद हळू आवाजात तिला म्हणाला, "तू चार तास तरी झोप यार." ती म्हणाली, "झोपेन, सगळं नॉर्मल आलं की." मी डोळे मिटून पडलो होतो, सगळं ऐकत.

इथे नियम असा की डॉक्टरांचं बोलणं घरच्यांनी सांगायचं नाही, त्यासाठी दुभाषी असते. चाकाच्या काठीवर स्क्रीन लावून आणतात, त्यातून बाई बोलते. मी पहिल्यांदा विचारलं, "कुठली गं तू?"

"मूळ नागपूरची, काका. आता डॉक्टर काय विचारतात ते सांगू?"

"सांग."

"पूर्वी कधी धुळीचं काम केलंत का? खाण, गिरणी, दगड, कापूस?"

सुजाता शेजारी उभी होती. मी म्हणालो, "खाणीवर होतो. पण मुकादम. सावलीत खुर्ची टाकून बसायचो."

बाईनं ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं.

मी खोटं का बोललो

मुकादम मी कधीच नव्हतो. बत्तीस वर्षं दगड फोडला. आधी छिन्नी-हातोडा, मग भोकं पाडायचं मशीन, मग खडी फोडणाऱ्या क्रशरच्या तोंडाशी. तिथे सकाळी नऊला समोरचा माणूस दिसायचा नाही एवढी धूळ.

सुजाता लहानपणापासून सोलापूरला मामाकडे शिकायला होती. मी शनिवारी जायचो. जाण्याआधी खाणीवरच्या हौदावर दोनदा आंघोळ, पांढरा सदरा, केसांना तेल. तिला सांगितलं, मी मुकादम आहे. तिच्या लग्नात मिलिंदच्या लोकांनाही तेच सांगितलं. एकदा सांगितलं की ते धरून बसावं लागतं.

त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला असाच खोकला झाला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, खिडकीशी धरून ठिपके दाखवले आणि म्हणाले, "दगडाची धूळ आहे ही. जाणार नाही. काम आजच सोडा, म्हणजे वाढणार नाही." मी हो म्हणालो, एक्स-रे घरी आणून पत्र्याच्या ट्रंकेत बायकोच्या शालूखाली ठेवला आणि सोमवारी कामावर गेलो. पुढे सात वर्षं गेलो. बायकोला माहीत होतं. मुलीला सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातली होती. पोरीनं शिकायचं सोडलं असतं. मी तिला ओळखतो, हट्ट माझाच आहे तिच्यात.

एवढी वर्षं ते ओझं तिच्या डोक्यावर नव्हतं, हाच माझा मोठेपणा होता. अलास्कातल्या खोलीत पडून तो मला सोडवत नव्हता.

टोनी

मधे एक चांगली गोष्ट सांगतो. माझ्या देखभालीला टोनी नावाचा नर्स होता, दरवाजात मावणार नाही असा आडदांड गडी. मी सवयीनं त्याला "सिस्टर" म्हणायचो, तो "येस, ब्रदर" म्हणायचा. दवाखान्यात एक गरम कपाट असतं, त्यात चादरी उबेला ठेवतात. पहिल्या सकाळी मी ऑक्सिजन लावून कुडकुडत होतो, तेव्हा त्यानं अशी चादर आणून अंगावर टाकली. भाकरी तव्यावरून काढल्यावर हाताला लागते ना, तशी ऊब. मला बायकोची आठवण झाली. त्यानंतर तो रोज न मागता आणायचा. जेवण मात्र भिकार. थरथरणारी लाल जेली तीन वेळा आली, तीन वेळा परत गेली.

तुकडा

थुंकीच्या तपासण्या एकामागून एक चांगल्या आल्या. टीबीचे जंतू काही सापडेनात. मग ठिपके कसले? पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई आल्या, स्क्रीन आली, आवाज नागपूरचाच. सुजाता भिंतीला टेकून उभी, मिलिंद दारापाशी.

"काका, डॉक्टर म्हणतात, कॅन्सर नाही ना हे बघायला हवं. उद्या घशातून नळी घालून फुप्फुसाचा छोटा तुकडा काढायचा. तुमची छाती आत्ता कमजोर आहे, त्यामुळे धोका आहे. रक्तस्राव होऊ शकतो, फुप्फुसातून हवा निसटू शकते. तुमची परवानगी हवी."

मी सुजाताकडे बघितलं. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. आवाज नव्हता. आईच्या वेळीही ती अशीच रडली होती, भिंतीकडे तोंड करून.

मला मरणाची भीती वाटली नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. वाटली. पण जास्त लाज वाटली. माझा मोठेपणा राहावा म्हणून ही पोरगी माझ्यासमोर उभी राहून सुकत होती.

मी म्हणालो, "नागपूरच्या पोरी, ऐक. डॉक्टरांना सांग, म्हातारा खोटं बोलला."

ती स्क्रीनच्या जवळ सरकली. मग ती म्हणाली, "सावकाश सांगा काका. मी सगळं सांगते."

मी सांगितलं. छिन्नी, मशीन, क्रशर, बत्तीस वर्षं. सोलापूरचा एक्स-रे, पुढची सात वर्षं. अंगण कोरडं झाडलं तेही. धाप लागत होती, मधे मधे थांबत होतो. दुभाषी एक वाक्य सांगायची आणि माझ्यासाठी थांबायची. डॉक्टरबाई आधी उभ्या होत्या, मग स्टूल ओढून बसल्या. त्यांनी एकच विचारलं. "तो जुना एक्स-रे अजून आहे का?"

मिलिंदनं माझ्या पुतण्याला, बाळूला, फोन लावला. तिकडे लोक साखरझोपेत. बाळू घाबरून म्हणाला, "काका, सगळं ठीक ना?"

"ट्रंक उघड. शालूखाली बघ."

"कुठला शालू?"

"तुझ्या काकूला एकच शालू होता, गाढवा."

वीस मिनिटांनी फोटो आला. बाळूनं एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून काढला होता, कोपऱ्यात त्याचा अंगठा. डॉक्टरबाईंनी तो नव्या फोटोशेजारी ठेवला, आणखी एका डॉक्टरांना बोलावलं. बराच वेळ दोघं बोटानं एकेक ठिपका मोजल्यासारखं करत होते. ठिपके त्याच जागी होते. थोडे वाढलेले, पण तेच. नवीन काही नव्हतं.

"काका," दुभाषी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात तुकडा काढायची गरज नाही. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढून बघतील. तुमच्या छातीत जुना दगड आहे, आणि ही राखसुद्धा राख नसते, बारीक दळलेला दगड आणि काचच असते. आधीच्या दगडावर तुम्ही नवा दगड ओढून घेतलात."

मी हसलो, मग खोकलो, मग पुन्हा हसलो. बत्तीस वर्षं दगडात काढली आणि अंगणात दगड पडला तर ओळखला नाही! तांब्यानं मला सांगितलं होतं.

सगळे गेले. सुजाता पलंगाजवळ आली. मी वाट बघत होतो, रडेल म्हणून. ती म्हणाली, "आणि मी सगळ्या फॉर्मवर 'सुपरवायझर' लिहीत आलेय!"

"मग खोड."

"आबा, तुमच्या कानामागे पांढरं असायचं. शनिवारी यायचात तेव्हा. मला वाटायचं तुम्ही पावडर लावता. मैत्रिणींना सांगायचे, माझे आबा पावडर लावतात."

"दोनदा आंघोळ करायचो गं."

"कानामागे नाही करायचात," ती म्हणाली, आणि मग मात्र रडली, माझ्याकडे तोंड करून.

आता

नवव्या दिवशी घरी आलो. महिनाभर ऑक्सिजनची नळी नाकाला होती, ईरा तिला माझी शेपटी म्हणायची. आता नळी नाही. सकाळ-संध्याकाळ श्वासाच्या औषधाचा पंप ओढतो, सावकाश अर्धा मैल चालतो. जिना अकरा पायऱ्यांचा आहे, मधे एकदा थांबतो आणि बाहेरचं काहीतरी बघितल्यासारखं करतो. छातीतले ठिपके जाणार नाहीत. त्यांच्याशी माझं आता भांडण नाही, कशासाठी बसलेत ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तुमच्याही गावात कधी अशी राख पडली तर ती चुलीतली समजू नका. आत बसा. झाडायचीच झाली तर आधी पाणी मारा, नाकावर चांगला मास्क बांधा, डोळे झाका, आणि ज्याची छाती जुनी दुखरी आहे त्यानं झाडूला हातच लावू नये. भांड्याला लावू नका, दाताला तर नाहीच. आणि डॉक्टर पूर्वीचं काम विचारतील तेव्हा खुर्चीवर बसू नका, खरं काय ते सांगा. एवढं सांगायला मी एवढी वही भरली.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो. बाहेर फॉर्म भरायचा होता. ईरानं पेन घेतलं. "आबा, ऑक्युपेशन? व्हॉट डू आय पुट?"

सुजाता फोनमध्ये बघत होती. बघत नव्हती, बोट हलत नव्हतं तिचं.

मी म्हणालो, "दगड फोडायचो. बत्तीस वर्षं."

"वेट, लाइक विथ डायनामाइट?"

"डायनामाइटनंही."

"दॅट इज सो कूल," म्हणून तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही दाखवलं. आत माझं नाव पुकारलं. मी उठलो, काठी घेतली. तेवढ्यात सुजातानं मागून येऊन माझ्या कानामागे बोट फिरवलं.

"काय गं?"

तिनं बोट उजेडात धरून नीट बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली. "स्वच्छ आहे. चला."